नाव, उत्तर आणि उत्तराचे वय : ‘डिग’ आज्ञेने डोमेन नोंदी कशा तपासाव्यात

अमरावती महसूल विभागातील अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत शिक्षण, शेती, शासन आणि बँक या चारही क्षेत्रांतील बरेचसे व्यवहार आता एखाद्या डोमेन नावापासून सुरू होतात. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे परीक्षा अर्ज आणि निकाल, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा पीक सल्ला, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सूचना आणि सहकारी बँकांच्या सेवा या साऱ्यांपर्यंत पोचण्यासाठी वाचक जे नाव टंकतो, त्या नावामागे काही सार्वजनिक नोंदी असतात आणि त्या नोंदी चुकल्या, जुन्या झाल्या किंवा नाहीशा झाल्या, तर पलीकडचा संगणक सुस्थितीत असूनही सेवा बंद पडल्यासारखी दिसते. अशा वेळी ‘सर्व्हर डाऊन आहे’ किंवा ‘लिंक नाही’ एवढेच सांगून विषय संपवला जातो. प्रत्यक्षात दोष नावाच्या नोंदीत आहे, पलीकडच्या संगणकात आहे की आपल्याच जोडणीत आहे, हे ‘डिग’ नावाच्या एका लहानशा आज्ञेने पाच मिनिटांत ठरवता येते. महाविद्यालयांचे संगणक सहायक, संस्थांचे सचिव, सेवा केंद्रांचे चालक आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी यांना ही आज्ञा वापरता यावी आणि मुख्यतः तिचे उत्तर नीट वाचता यावे, हा या लेखाचा हेतू आहे.

नावांची व्यवस्था कशी चालते

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला अंकांचा एक पत्ता असतो, ज्याला आयपी पत्ता म्हणतात. माणसांना अंक लक्षात ठेवणे अवघड जाते म्हणून त्या पत्त्यांना नावे दिली जातात आणि नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या जगभर पसरलेल्या व्यवस्थेला डोमेन नेम सिस्टिम, थोडक्यात डीएनएस, असे म्हणतात. सुरुवातीच्या काळात सगळ्या नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत ठेवली जाई आणि प्रत्येक संगणकचालक ती उतरवून घेई. यादी हाताबाहेर वाढू लागली तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी कामाची वाटणी करणारी नवी रचना मांडली. तिचे पहिले दस्तऐवज नोव्हेंबर १९८३ मध्ये, म्हणजे अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले आणि १९८७ साली त्यांची सुधारित आवृत्ती आली, जिच्या पायावर ही व्यवस्था आजही उभी आहे.

या रचनेत नाव उजवीकडून डावीकडे वाचले जाते. ‘एसजीबीएयू.एसी.इन’ या विद्यापीठाच्या नावात सर्वांत उजवीकडे, सहसा न लिहिला जाणारा, एक टिंब असते आणि ते मूळ विभाग दर्शवते. मूळ विभागाची माहिती देणाऱ्या सर्व्हरांची एकूण १३ नावे आहेत. त्या टिंबाच्या डावीकडचा ‘इन’ हा भारताचा विभाग असून त्याची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, ही संस्था पाहते. ‘एसी.इन’खालील नावे शैक्षणिक संस्थांना अर्नेट इंडियामार्फत मिळतात, तर ‘जीओव्ही.इन’खालील ‘अमरावती.जीओव्ही.इन’ किंवा ‘अकोला.जीओव्ही.इन’ यांसारखी शासकीय नावे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, देते. प्रत्येक पातळीवरचा सर्व्हर फक्त खालच्या पातळीची जबाबदारी कोणाकडे आहे एवढे सांगतो आणि शेवटचे उत्तर त्या नावाच्या अधिकृत नेमसर्व्हरकडून, म्हणजे त्या नावाच्या नोंदी जेथे प्रत्यक्ष ठेवलेल्या असतात त्या संगणकाकडून, मिळते.

सामान्य वापरकर्त्याचा फोन किंवा संगणक ही सगळी चढउतार स्वतः करत नाही. तो आपला प्रश्न इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका मध्यस्थ सर्व्हरकडे सोपवतो, ज्याला रिझॉल्व्हर म्हणतात. रिझॉल्व्हर पायरी पायरीने चौकशी करून उत्तर आणतो आणि तोच प्रश्न पुन्हा आला तर वेळ वाचावा म्हणून ते उत्तर काही काळ स्वतःजवळ साठवून ठेवतो. या साठवणीला कॅश असे म्हणतात. पुढे येणारे बहुतेक गोंधळ या साठवणीतूनच निर्माण होतात.

साधनाची तयारी

डिग ही आज्ञा बाइंड या नेमसर्व्हर सॉफ्टवेअरच्या संचाचा भाग आहे. बाइंडचा उगम १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत झाला आणि आज इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम ही संस्था त्याची देखभाल करते. मॅक संगणकांवर डिग आधीपासूनच असते. उबुंटू आणि डेबियनवर ती ‘डीएनएसयुटिल्स’ या पॅकेजमधून, तर फेडोरावर ‘बाइंड-युटिल्स’ या पॅकेजमधून बसवता येते. विंडोजवर ‘एनएसलुकअप’ ही जुनी आज्ञा उपलब्ध असते आणि प्राथमिक तपासणीसाठी ती पुरते. परंतु डिगचे उत्तर अधिक तपशीलवार असल्यामुळे विंडोजमध्येच लिनक्सची सोय सुरू करून तेथे डिग वापरणे श्रेयस्कर ठरते. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स या अ‍ॅपमध्येही ती चालते, त्यामुळे संगणक हाताशी नसतानाही तपासणी अडत नाही.

या लेखात आज्ञा देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. प्रत्यक्षात टर्मिनलवर, म्हणजे अक्षरांतून आज्ञा स्वीकारणाऱ्या खिडकीत, त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकाव्या लागतात. अधिक, उणे आणि ‘@’ ही चिन्हे मात्र जशीच्या तशी वापरावीत आणि आज्ञेतील शब्दांमध्ये एकेक जागा सोडावी.

पहिला प्रश्न आणि त्याचे उत्तर

सर्वांत साधा प्रश्न असा विचारला जातो :

डिग एक्झाम्पल.कॉम

हे नाव केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले असल्यामुळे सरावाला निर्धोक आहे. आज्ञा दिल्यावर पडद्यावर पंधरा-वीस ओळी उमटतात आणि नवख्या वाचकाची नजर त्यांतील अंकी पत्त्यावरच खिळते. तथापि प्रत्येक भागाला अर्थ आहे आणि तो क्रमाने वाचला पाहिजे.

वरच्या भागात ‘स्टेटस’ म्हणजे स्थिती लिहिलेली असते. ‘नोएरर’ याचा अर्थ प्रश्न नीट पोचला आणि हाताळला गेला, ‘एनएक्सडोमेन’ याचा अर्थ असे नावच अस्तित्वात नाही, ‘सर्व्हफेल’ याचा अर्थ रिझॉल्व्हरला विश्वासार्ह उत्तर मिळवता आले नाही आणि ‘रिफ्यूज्ड’ याचा अर्थ त्या सर्व्हरने उत्तर देण्यास नकार दिला. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा : स्थिती ‘नोएरर’ असून उत्तरांची संख्या शून्य असेल, तर नाव अस्तित्वात आहे, फक्त विचारलेल्या प्रकारची नोंद त्याच्याकडे नाही, असा निष्कर्ष निघतो आणि तो ‘नाव नाही’ या निष्कर्षापेक्षा अगदी वेगळा आहे.

त्यानंतर ‘फ्लॅग्ज’ म्हणजे खुणा येतात. त्यांतील ‘एए’ ही खूण दिसली, तर उत्तर खुद्द अधिकृत नेमसर्व्हरने दिले आहे. ती नसेल, तर उत्तर मध्यस्थामार्फत आले आहे. ‘एडी’ ही खूण उत्तराची डिजिटल सही रिझॉल्व्हरने तपासली असल्याचे सांगते. नोंदींवर अशी सही करण्याच्या पद्धतीला डीएनएससेक म्हणतात आणि मूळ विभागावर ती १५ जुलै २०१० पासून लागू आहे.

पुढे ‘क्वेश्चन’ विभागात विचारलेला प्रश्न आणि ‘आन्सर’ विभागात उत्तर येते. उत्तराची ओळ साधारणपणे अशी दिसते :

एक्झाम्पल.कॉम. ३६०० आयएन ए १९२.०.२.२५

(यातील अंकी पत्ता लेखी उदाहरणांसाठी राखलेल्या गटातील आहे, प्रत्यक्ष उत्तरात वेगळा पत्ता येईल.) या ओळीत प्रथम नाव, नंतर सेकंदांत दिलेली एक मुदत, मग इंटरनेट वर्ग दाखवणारी ‘आयएन’ ही अक्षरे, त्यानंतर नोंदीचा प्रकार आणि शेवटी मूल्य असते. सर्वांत खाली उत्तराला किती मिलिसेकंद लागले, कोणत्या सर्व्हरने उत्तर दिले आणि केव्हा दिले, याची नोंद असते. उबुंटूवर तेथे बहुधा १२७.०.०.५३ असा पत्ता दिसतो. तो वापरकर्त्याच्याच संगणकातील मध्यस्थाचा असतो, म्हणून तो पाहून बाहेरच्या एखाद्या सर्व्हरने उत्तर दिले असे समजू नये. केवळ मूल्यच हवे असेल तर ‘डिग +शॉर्ट एक्झाम्पल.कॉम’ अशी आज्ञा द्यावी; मात्र बिघाड शोधताना हा संक्षेप टाळावा, कारण त्यात स्थिती, खुणा आणि मुदत हे निदानाला लागणारे तिन्ही घटक गळून पडतात.

उत्तर कोणाचे आणि किती जुने

उत्तराच्या ओळीतील सेकंदांच्या आकड्याला टीटीएल म्हणतात आणि डिगच्या वाचनात त्याच्याइतके महत्त्व दुसऱ्या कशालाही नाही. हे उत्तर किती काळ साठवून ठेवण्यास हरकत नाही, हे नावाचा धनी टीटीएलमधून ठरवतो. ३६०० म्हणजे एक तास आणि ८६४०० म्हणजे एक दिवस. रिझॉल्व्हरने उत्तर साठवल्यापासून हा आकडा उतरत जातो, म्हणून तीच आज्ञा अर्ध्या मिनिटाने पुन्हा दिली आणि आकडा तीसने कमी झालेला दिसला, तर उत्तर साठवणीतून आले हे सिद्ध होते.

शेतजमिनीच्या व्यवहारात तलाठ्याकडची मूळ नोंद आणि कुणी पूर्वी काढून घरी ठेवलेली सातबाराची प्रत यांत जो फरक असतो, तोच अधिकृत नेमसर्व्हरचे उत्तर आणि रिझॉल्व्हरचे उत्तर यांत असतो : प्रत काढली त्या दिवशी ती खरीच होती, परंतु मध्यंतरी फेरफार झाला असेल तर ती आजची स्थिती दाखवत नाही. म्हणून दोन व्यक्तींना एकाच नावाची दोन वेगळी उत्तरे मिळाली, तर त्यांपैकी एक खोटे आहे असे मानण्याऐवजी कोणते उत्तर मुळाकडून आले आणि कोणते साठवणीतून, हे आधी पाहावे.

त्यासाठी दोन पायऱ्या पुरतात. पहिल्या पायरीत नावाचे अधिकृत नेमसर्व्हर कोणते, हे विचारावे :

डिग +शॉर्ट एक्झाम्पल.कॉम एनएस

दुसऱ्या पायरीत मिळालेल्या नावांपैकी एकाला, ‘@’ चिन्ह लावून, थेट प्रश्न विचारावा :

डिग @नेमसर्व्हरचे-नाव एक्झाम्पल.कॉम

या उत्तरात ‘एए’ खूण असेल आणि टीटीएल पूर्ण भरलेला दिसेल. हाच प्रश्न ‘@’ चिन्हानंतर ८.८.८.८ (गूगल), १.१.१.१ (क्लाउडफ्लेअर) किंवा ९.९.९.९ (क्वाड९) यांपैकी एक पत्ता लिहून सार्वजनिक रिझॉल्व्हरांनाही विचारता येतो आणि तिन्हींची उत्तरे मूळ उत्तराशी ताडून पाहिली की बदल कोठवर पोचला आहे, हे स्पष्ट होते. मुळापासूनचा संपूर्ण प्रवास पाहायचा असेल तर ‘डिग +ट्रेस एक्झाम्पल.कॉम’ ही आज्ञा द्यावी. तेव्हा डिग स्वतः मूळ सर्व्हरांपासून पायरी पायरीने खाली उतरते आणि प्रत्येक पातळीवर कोणाकडे पाठवले गेले ते दाखवते. ही पद्धत रिझॉल्व्हरच्या साठवणीला वळसा घालत असल्यामुळे ती यशस्वी झाली म्हणून सर्व वापरकर्त्यांनाही नाव सापडत असेलच, असे मात्र मानू नये.

नोंदींचे प्रकार

डिगला नोंदीचा प्रकार सांगितला नाही तर ती ‘ए’ नोंद, म्हणजे चार आकड्यांच्या जुन्या पद्धतीचा पत्ता, विचारते. इतर प्रकार नावानंतर लिहून मागावे लागतात. ‘एएएए’ ही नोंद नव्या, १२८ बिटांच्या आयपी पत्त्याची असते. ‘सीनेम’ ही नोंद एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवते आणि संस्थेचे संकेतस्थळ दुसऱ्या कोणाच्या मंचावर चालत असेल तेव्हा ती बहुधा दिसते. ‘एसओए’ नोंदीत त्या विभागाचा अनुक्रमांक असतो आणि कोणताही बदल झाल्यावर तो वाढणे अपेक्षित असते. दोन नेमसर्व्हरांवर हा क्रमांक बराच वेळ वेगळा राहिला, तर त्यांच्यातील ताळमेळ तुटला असा अर्थ होतो. उलट दिशेने, म्हणजे अंकी पत्त्यावरून नाव शोधण्यासाठी, ‘डिग -एक्स’ लिहून पुढे पत्ता द्यावा.

ईमेलसंबंधीच्या नोंदींकडे मात्र संस्थांनी विशेष लक्ष द्यावे, कारण त्यांतील दोष संकेतस्थळाच्या दोषासारखा चटकन नजरेस पडत नाही. ‘एमएक्स’ नोंद त्या नावाचे टपाल कोणत्या सर्व्हरने स्वीकारायचे हे सांगते आणि तिच्यातील आकडा प्राधान्य दर्शवतो. लहान आकड्याच्या सर्व्हरकडे प्रथम प्रयत्न होतो. ‘टीएक्सटी’ म्हणजे मजकुराच्या नोंदींत ‘व्ही=एसपीएफ१’ने सुरू होणारी एक ओळ असावी; संस्थेच्या नावाने टपाल पाठवण्याची परवानगी कोणत्या सर्व्हरांना आहे, हे ती जाहीर करते. अशी ओळ एकच असावी लागते. टपालसेवा बदलताना जुनी ओळ तशीच ठेवून दुसरी जोडली, तर नियमानुसार तपासणीच निष्फळ ठरते. त्याचप्रमाणे ‘डिग +शॉर्ट _डीमार्क.एक्झाम्पल.कॉम टीएक्सटी’ या आज्ञेने डीमार्कचे, म्हणजे पडताळणीत न टिकलेल्या टपालाचे काय करायचे याचे, धोरण दिसते : ‘पी=नन’ म्हणजे केवळ निरीक्षण, ‘पी=क्वारंटाइन’ म्हणजे संशयित टपाल बाजूला टाकणे आणि ‘पी=रिजेक्ट’ म्हणजे ते नाकारणे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने टपाल पाठवणाऱ्यांसाठी या नोंदी आवश्यक केल्या आहेत. त्यामुळे हजारो विद्यार्थ्यांना एकाच वेळी सूचना पाठवणाऱ्या संस्थेच्या नोंदी अपुऱ्या असतील, तर ती पत्रे स्पॅममध्ये जाण्याची किंवा परत येण्याची शक्यता वाढते आणि विद्यार्थ्याला आपल्याला सूचना आली होती हेही कळत नाही.

संकेतस्थळ हलवताना

महाविद्यालयाचे किंवा पतसंस्थेचे संकेतस्थळ एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना निम्म्या लोकांना जुने आणि निम्म्यांना नवे पान दिसण्याची जी तक्रार येते, तिचे मूळ टीटीएलमध्ये असते आणि पुढील क्रम पाळला तर ती टाळता येते.

१. प्रथम अधिकृत नेमसर्व्हरला थेट विचारून सध्याचा टीटीएल पाहावा. तो ८६४०० असेल, तर स्थलांतराच्या किमान २४ तास आधी तो ३०० वर आणावा, म्हणजे जुन्या दीर्घ मुदतीच्या प्रती तोवर संपतील.

२. सर्व नोंदींची, विशेषतः ‘एमएक्स’ आणि ‘टीएक्सटी’ नोंदींची, लेखी यादी करावी. नेमसर्व्हरच बदलायचे असतील, तर या नोंदी नव्या ठिकाणी आधी भराव्यात आणि ‘@’ चिन्हाने नव्या नेमसर्व्हरला एकेक प्रश्न विचारून त्या मूळ यादीशी जुळवाव्यात; पत्त्याची नोंद नेली पण टपालाची राहिली, ही सर्वत्र आढळणारी चूक येथेच थांबते. नावावर डीएनएससेकची सही असेल, तर ती नव्या ठिकाणी कशी चालू राहील हे नाव नोंदवणाऱ्या संस्थेशी आधी ठरवून घ्यावे, अन्यथा सही तपासणाऱ्या सर्व रिझॉल्व्हरांवर नाव बंद पडते.

३. बदल केल्यानंतर अधिकृत उत्तर आणि दोन-तीन सार्वजनिक रिझॉल्व्हरांची उत्तरे ताडून पाहावीत आणि सर्वत्र नवे उत्तर दिसेपर्यंत जुना सर्व्हर चालू ठेवावा.

४. सर्व स्थिर झाल्यावर टीटीएल पुन्हा वाढवावा.

नवे नाव तयार करताना आणखी एक खबरदारी घ्यावी. नोंद भरण्यापूर्वीच कुतूहलापोटी ते नाव रिझॉल्व्हरला विचारले, तर ‘असे नाव नाही’ हे उत्तरही साठवले जाते आणि नोंद भरल्यानंतरही काही काळ तेच मिळत राहते. म्हणून आधी नोंद भरावी आणि पहिली तपासणी अधिकृत नेमसर्व्हरकडेच करावी. प्रवेशाच्या किंवा निकालाच्या आठवड्यात असे कोणतेही स्थलांतर करू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

बिघाडाचे निदान

एखादे संकेतस्थळ उघडत नसेल तेव्हा डिगच्या उत्तरावरून निदान पुढीलप्रमाणे करावे. कोणत्याही सर्व्हरपर्यंत पोचता आले नाही असा संदेश आला आणि तो सर्वपरिचित नावांसाठीही आला, तर दोष बहुधा आपल्या जोडणीत किंवा आपल्या रिझॉल्व्हरमध्ये आहे. रिझॉल्व्हर बदलून, म्हणजे ‘@१.१.१.१’ लिहून, उत्तर मिळाले तर जोडणी ठीक असून सेवा कंपनीचा रिझॉल्व्हर अडला आहे. ‘एनएक्सडोमेन’ आल्यास प्रथम टंकलेल्या नावातील अक्षरे तपासावीत, नंतर नावाची मुदत संपली आहे का याची चौकशी करावी. मुदतीची तारीख डिग सांगत नाही, त्यासाठी नोंदणीची माहिती देणारी ‘हूइज’ ही वेगळी सेवा वापरावी लागते. ‘सर्व्हफेल’ आल्यास तोच प्रश्न ‘+सीडी’ हा पर्याय जोडून विचारावा, कारण तो सही न तपासता उत्तर मागतो. त्यासह उत्तर आले आणि त्याशिवाय आले नाही, तर दोष डीएनएससेकच्या सहीत आहे. स्थिती ‘नोएरर’, पत्ता योग्य, अधिकृत उत्तराशी जुळणारा आणि तरीही पान उघडत नाही, असे असेल तरच पलीकडचा सर्व्हर बंद किंवा गर्दीने थकलेला आहे असे म्हणावे.

धारणी, चिखलदरा यांसारख्या मेळघाटातील तालुक्यांत, जेथे मोबाइलची रेंज पुरेशी नसते, तेथे ही पद्धत अधिकच उपयोगी पडते. डीएनएसचा प्रश्न आणि उत्तर ही काहीशे बाइटांत मावणारी असल्यामुळे, चित्रांनी भरलेले पान उघडत नसतानाही डिगला उत्तर मिळू शकते. तसे मिळाले की नाव शाबूत असून अडचण जोडणीच्या वेगाची असू शकते हे कळते, आणि आदिवासी गावातून तालुक्याला आलेल्या विद्यार्थ्याला ‘साइट बंद आहे, उद्या या’ असे सांगून परत पाठवण्याची वेळ येत नाही.

बँकेचे नाव पारखताना

भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बँक.इन’ या केवळ बँकांसाठी राखलेल्या विभागाची घोषणा केली आणि २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या विभागातील नावाकडे स्थलांतर करण्यास सांगितले. या विभागात नाव नोंदवण्याचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडेच आहे, त्यामुळे बँक नसलेल्या कोणालाही तेथे नाव मिळत नाही. हे परिपत्रक नागरी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनाही लागू असल्यामुळे, सहकारावर उभ्या असलेल्या वऱ्हाडातील शेतकरी आणि ठेवीदार यांच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

संदेशातून आलेले नाव पारखताना ते उजवीकडून वाचावे. अगदी शेवटी ‘.बँक.इन’, म्हणजे ‘बँक’च्या आधीही टिंब, असेल तरच ते त्या विभागातले; ‘बँक.इन’ ही अक्षरे नावाच्या मध्यभागी असून शेवट दुसऱ्याच विभागाने होत असेल, तर ते नाव कोणीही घेतलेले असू शकते. ‘डिग +ट्रेस’ने तपासल्यास प्रवास कोणत्या विभागातून झाला हे डोळ्यांनी दिसते आणि ही गोष्ट विद्यार्थ्यांनी घरच्या ज्येष्ठांना एकदा प्रत्यक्ष दाखवली, तर फसवणुकीविरुद्धच्या कोणत्याही फलकापेक्षा ती अधिक पक्की समजेल. अर्थात नावाची नोंद खरी असली तरी पानावरचा मजकूर खरा आहे, अशी हमी डिग देत नाही.

देवनागरीतील नावे

२७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘.भारत’ हा देवनागरीतील विभाग सुरू झाला आणि हिंदी, मराठी, कोंकणी यांच्यासह आठ भाषांसाठी तो खुला झाला. डीएनएसमध्ये मात्र आजही नावे रोमन अक्षरे, अंक आणि आडव्या रेघेतच फिरतात, म्हणून देवनागरी नावाचे प्युनीकोड या पद्धतीने रूपांतर करून त्याला ‘एक्सएन--’ हा उपसर्ग लावला जातो. ‘भारत’ या विभागाचे असे रूप ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असे आहे. डिगच्या नव्या आवृत्त्यांना देवनागरी नाव थेट दिले तरी बहुधा चालते. तसे न झाल्यास रूपांतरित रूप द्यावे.

येथे मराठीची एक खास अडचण आहे आणि ती नेमकी ‘वऱ्हाड’ या शब्दात दिसते. त्यातील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण डीएनएसच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे ठरतात आणि काही जुने सॉफ्टवेअर ते अदृश्य चिन्ह गाळून टाकून तिसरेच नाव विचारते. म्हणून देवनागरी नाव घेणाऱ्या संस्थेने नाव निश्चित करण्यापूर्वी वेगवेगळ्या कळफलकांवरून ते टंकून त्याचे ‘एक्सएन--’ रूप एकच येते का, हे तपासावे आणि शंका राहिल्यास असे जोडाक्षर नसलेले नाव निवडावे.

संस्थेने ठेवावयाचे टिपण

सार्वजनिक नोंदी विचारणे हा कोणाच्याही यंत्रणेत केलेला शिरकाव नव्हे. त्या नोंदी विचारल्या जाव्यात म्हणूनच ठेवलेल्या असतात. दुसऱ्याच्या विभागातील सगळ्या नोंदी एकगठ्ठा मागण्याचा प्रयत्न मात्र परवानगीशिवाय करू नये. या मर्यादेत राहून प्रत्येक महाविद्यालय, पतसंस्था आणि ग्रंथालय यांनी आपल्या नावाचे एक पानी टिपण ठेवावे. नाव कोणामार्फत नोंदवले, मुदत केव्हा संपते, नोंदणीचे खाते संस्थेच्या कोणत्या पदाच्या नावे आहे, नेमसर्व्हर कोणते, पत्ता आणि टपालाच्या नोंदी काय आणि त्यांचा टीटीएल किती, एवढी माहिती त्यात असावी, आणि दर तीन महिन्यांनी डिगची उत्तरे तारखेसह त्याला जोडावीत. संकेतस्थळ बाहेरच्या एखाद्या तंत्रज्ञाने बांधून दिलेले असते आणि नावही त्याच्याच खात्यावर नोंदवलेले राहते, ही स्थिती अनेक लहान संस्थांत आढळते. तो तंत्रज्ञ गाव सोडून गेला की संस्थेला आपल्याच नावाच्या नोंदी बदलता येत नाहीत. नोंदणी संस्थेच्या पदनामावर असेल आणि ही टिपणे कार्यालयात असतील, तर नवा सहायक रुजू झाल्याच्या दिवशीच त्याला काय बरोबर आहे हे ठाऊक असते, आणि निकालाच्या दिवशी बिघाड झालाच तर काय बदलले हे जुन्या टिपणाशी आजचे उत्तर ताडून तो स्वतः सांगू शकतो.